काळं कुंकू आणि भात्याचा कॅमेरा

आमच्या बेळगाव-शहापूरच्या घरात माजघराच्या भिंतीवर पणजीचा एक फोटो आहे. नऊवारी, नाकात नथ, आणि कपाळावर काजळासारखं काळंभोर कुंकू. मागचं आकाश पांढरंफटक, ढगाचा मागमूस नाही. पूर्वी बायका काळं कुंकू लावत असतील असं मी लहानपणी धरून चाललो होतो. खरं कारण तो फोटो ज्या काचेच्या प्लेटवर घेतला तिच्यात होतं. तिच्यावरच्या चांदीच्या क्षारांवर निळा प्रकाश भराभर परिणाम करतो. लाल किरणांतल्या एकेका कणाची ऊर्जा मात्र कमी पडते, आणि ते क्षार जागचे हलत नाहीत. त्यामुळे निळं आकाश पांढरं होतं आणि लाल कुंकू काळं. 1873 मध्ये हेरमान फोगेल या जर्मन रसायनशास्त्रज्ञाला कळलं की त्या क्षारांत ठरावीक रंगद्रव्य मिसळलं तर त्यांना हिरवाही दिसू लागतो. लाल दिसायला आणखी बरीच वर्षं गेली.

ही जुनी गोष्ट आज कामाची आहे, कारण मोठ्या कॅमेऱ्यासाठी आपल्याकडे परवडणारी फिल्म म्हणजे एक्स-रेची, आणि तिची नजर पणजीच्या फोटोसारखीच आहे.

बेळगाव, निपाणी, चिकोडीकडच्या जुन्या स्टुडिओंच्या माळ्यावर अजून एखादा लाकडी कॅमेरा सापडतो : सागवानी चौकट, पितळी खिळे, चामड्याचा भाता. केरळात आलप्पुळ्याला के. करुणाकरन यांनी 1940च्या दशकात ‘वागीश्वरी’ नावाने असे कॅमेरे बनवायला सुरुवात केली आणि ते देशभर पोचले. बहुतेक हाफ प्लेटचे, म्हणजे सुमारे 165 बाय 121 मिलीमीटरच्या निगेटिव्हचे. साध्या 35 मिमी फिल्मच्या चौकटीपेक्षा हे क्षेत्रफळ तेवीसपट. एवढ्या निगेटिव्हला एन्लार्जर, म्हणजे फोटो मोठा करून छापायचं यंत्र, लागतच नाही. ती कागदावर ठेवायची, वर काच दाबायची आणि त्याच मापाचा फोटो काढायचा. साडीच्या काठाचा धागान् धागा त्यात येतो.

असा कॅमेरा घ्यायचा झाला तर लोक आधी भिंग बघतात. मला ज्यांनी हे काम शिकवलं ते स्टुडिओवाले काका म्हणायचे, “भिंग मागनं बघ. आधी भाता बघ.” रात्री खोलीत काळोख करायचा, कॅमेऱ्यात पेटती बॅटरी ठेवायची, भाता पूर्ण ताणायचा आणि बाहेरून घड्या न्याहाळायच्या. कोपऱ्यात चांदणीसारखा ठिपका दिसला तर तिथे भोक आहे. काळी कापडी पट्टी आतून चिकटवली की भागतं. चामडं हाताखाली तुटायला लागलं असेल तर भाता नवा करावा लागेल, तो खर्च किमतीतून वजा करून मगच बोला.

दुसरी तपासणी जास्त महत्त्वाची, आणि नवखे ती हमखास विसरतात. कॅमेऱ्याच्या मागच्या दुधी काचेवर जिथे चित्र स्वच्छ दिसतं, बरोबर तिथेच फिल्म बसली पाहिजे. जुने होल्डर, म्हणजे फिल्म धरणाऱ्या चपट्या पेट्या, काचेच्या जाड प्लेटसाठी केलेले, फिल्म पातळ. ती आत सैल राहते आणि सगळे फोटो थोडे थोडे धुरकट येतात. फिल्मच्या मागे त्याच मापाचा पुठ्ठा किंवा काच भरा. मग टेबलावर एक वर्तमानपत्र तिरकं उभं करा, मधली एक ओळ पेन्सिलीने खुणावून तिच्यावर फोकस करा आणि भिंग पूर्ण उघडं ठेवून एक फोटो काढा. निगेटिव्हमध्ये तीच ओळ सगळ्यात स्पष्ट हवी. वरची किंवा खालची स्पष्ट आली, तर पुठ्ठ्याची जाडी बदला. एका संध्याकाळचं काम आहे, पण पुढची कित्येक वर्षं सुखाची जातात.

तिपाई जड घ्या. मी शेतात तिच्या मधोमध दगडाची पिशवी टांगतो.

आता या कॅमेऱ्याची खरी ताकद. त्याच्या पुढच्या आणि मागच्या चौकटी वेगवेगळ्या हलतात. खानापूर तालुक्यातल्या हलशीला भूवराह नरसिंहाच्या देवळासमोर उभे राहा. शिखर चौकटीत घ्यायला फोन वर कराल तर देऊळ मागे कलल्यासारखं दिसेल, कारण भिंतीची वरची टोकं जवळ येतात. मोठ्या कॅमेऱ्यात मागची चौकट उभीच ठेवायची आणि फक्त भिंग वर सरकवायचं. चित्र काचेवर उलटं पडतं, भिंग वर गेलं की शिखर आत येतं आणि भिंती सरळच राहतात. चौकट खरोखर उभी आहे का, हे बघायला गवंड्याचा ओळंबा आणि पाणसळ यांच्याइतकी चांगली दुसरी साधनं नाहीत. भिंग फार वर नेलं तर मात्र कोपरे काळे पडतात, कारण भिंग टाकतं ते चित्र गोल असतं आणि त्या गोलाची कड लागते. पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातल्या वास्तूत तिपाई लावायची असेल तर परवानगी आधीच काढा.

सपाट जमिनीची गोष्ट याहून सुंदर. निपाणीकडे तंबाखूची रोपं हातभर असताना सऱ्या पायापासून क्षितिजापर्यंत जातात. नेहमीच्या कॅमेऱ्यात जवळचं घेतलं तर लांबचं जातं. ऑस्ट्रियन सैन्यातले अधिकारी थिओडोर शाइम्पफ्लुग यांनी 1904 च्या पेटंटात यामागची भूमिती मांडली : फिल्मची, भिंगाची आणि विषयाची पातळी वाढवत नेल्यावर एकाच रेषेत मिळाल्या, तर ती अख्खी पातळी स्पष्ट येते. भिंग 210 मिमीचं (हे त्याचं नाभीय अंतर) आणि जमिनीपासून दीड मीटर उंच असेल, तर ती रेषा भिंगाच्या बरोबर खाली जमिनीत पडते आणि मागची चौकट फक्त आठ अंश मागे कलवावी लागते. आठ अंश म्हणजे जेमतेम डोळ्याला कळेल इतकं. बहुतेक जण वीस-पंचवीस अंश कलवतात आणि मग काहीच जुळत नाही. काचेवर जवळच्या सऱ्या वरच्या बाजूला दिसतात, म्हणून चौकटीचं वरचं टोक मागे न्यायचं. उंच झाडं या पातळीच्या बाहेर डोकं काढतात, त्यांच्यासाठी भिंगाचं छिद्र लहान करावंच लागतं.

छिद्र किती लहान करावं? फार लहान केलं की प्रकाश त्याच्या कडांवरून पसरतो आणि प्रत्येक बिंदूची चकती होते. एफचा आकडा जेवढा मोठा तेवढं छिद्र लहान : एफ/22 ला ती चकती 0.03 मिमी, एफ/64 ला सुमारे 0.09. मोठा करून छापणार असाल तर एफ/32 च्या पुढे जाऊ नका. त्याच मापाचा छापणार असाल तर एफ/64 खुशाल वापरा, 0.1 मिमीच्या आतलं डोळ्याला सहसा कळत नाही. 1932 मध्ये कॅलिफोर्नियातल्या छायाचित्रकारांनी आपल्या गटाचं नावच ‘एफ/64’ ठेवलं होतं. त्यांतले एडवर्ड वेस्टन निगेटिव्हच्याच मापाचे फोटो छापत.

जुन्या भिंगाला शटर नसतं. टोपण काढायचं, मोजायचं, टोपण लावायचं. एक्स-रे फिल्मची संवेदनशीलता (आयएसओ) 50 धरा. कडक उन्हात एफ/64 ला तिला सेकंदाचा तिसरा भाग लागतो, तो हाताने मोजता येत नाही. सोप्यावरच्या उघड्या सावलीत अडीच सेकंद होतात, आणि तिथे टोपण सुखाने चालतं. म्हणून सुरुवात सावलीतच करा.

मोजलेली वेळ दोन ठिकाणी फसवते. शहापूर-वडगावात मागावर विणणाऱ्याचे हात जवळून घ्यायचे म्हटलं की भाता ताणावा लागतो. प्रकाश लांबवर पसरतो आणि क्षीण होतो. ताणलेल्या लांबीला भिंगाच्या नाभीय अंतराने भागा आणि येईल त्याचा वर्ग करा. 210 चं भिंग, भाता 315 वर, म्हणजे दीडचा वर्ग, सव्वादोनपट वेळ. चार सेकंदांचे नऊ झाले, आणि तेवढा वेळ हात थांबवायला त्यांना आधी सांगावं लागतं. खिशात शिंप्याचा टेप असू द्या.

दुसरी फसवणूक गाभाऱ्यातल्या अंधाराची. प्रकाशाचा एक कण क्षाराच्या स्फटिकात चांदीचा एक अणू मोकळा करतो. एकटा अणू टिकत नाही. तीन-चार जमले तरच तो ठसा पक्का होतो. प्रकाश थेंब थेंब येत असला तर दुसरा अणू येण्याआधी पहिला विरून जातो. म्हणून इलफर्ड कंपनीच्या एचपी 5 प्लस या फिल्मला प्रकाश मोजणाऱ्या मीटरने 10 सेकंद सांगितले तर 20 द्यावे लागतात, 30 सांगितले तर सुमारे 86. एक्स-रे फिल्मसाठी असा तयार तक्ता नाही, कापलेल्या तुकड्यांवर स्वतः करून बघा.

तुकडे भरपूर निघतात. 8 बाय 10 इंचाच्या शीटमधून हाफ प्लेटचे दोन तुकडे बसतात आणि कडेला पट्ट्या उरतात. लाल दिव्यात कापता येते, फिल्मला लाल दिसतच नाही. तिला दोन्ही बाजूंनी मसाला असतो, म्हणून ओली असताना नखही लागू देऊ नका. ट्रेच्या तळाशी गुळगुळीत काच ठेवा, एका वेळी एकच शीट धुवा आणि डेव्हलपर, म्हणजे चित्र उमटवणारं रसायन, नेहमीपेक्षा पातळ घ्या. नाहीतर पांढरं चुन्यासारखं आणि काळं डांबरासारखं येईल.

रसायनांचं तापमान 20 अंश असावं असं डब्यावर लिहिलेलं असतं. एप्रिलमध्ये आपल्या गच्चीवरच्या टाकीचं पाणी कढत येतं. फिल्मवरचं जिलेटिन त्यात फुगून मऊ पडतं. खानापुरी मातीचा माठ इथे फार उपयोगी. कोरड्या हवेत पाणी झिरपून उडतं आणि आतलं गार होतं. डेव्हलपर, फिक्सर (चित्र पक्कं करणारं रसायन) आणि धुणं या तिन्हींसाठी पाणी माठाचंच वापरा, मग ते 24 अंशाला असलं तरी चालेल, वेळ तेवढी कमी करायची. गार डेव्हलपरमधून गरम पाण्यात फिल्म टाकली तर जिलेटिनला भेगा पडतात. पावसाळ्यात हवाच ओली, माठ गार होत नाही, पण तेव्हा नळाचं पाणीही फारसं तापलेलं नसतं. त्या महिन्यांत चिंता भिंगावरच्या बुरशीची. भिंग चामड्याच्या पेटीतून काढा आणि हवाबंद डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवा. निळे खडे गुलाबी झाले की तव्यावर मंद भाजून परत वापरता येतात.

मागच्या दिवाळीत सोप्यावर आत्याला बसवलं. पहिला फोटो एक्स-रे फिल्मवर घेतला. दुसरा इलफर्डच्या एफपी 4 प्लसवर, जिला सगळे रंग दिसतात. पाच बाय सातची शीट पूर्ण अंधारात कापून घेतली होती. भिंगापुढे लाल काच धरली आणि तिच्यासाठी वेळ आठपट दिली. पहिल्यात कुंकू पणजीसारखं काळंभोर आलं. दुसऱ्यात लाल काचेने त्वचा आणि कुंकू दोन्ही इतकं उजळलं की कपाळ कोरं दिसलं. आत्याने दुसरा फोटो हातातही धरला नाही. पहिला तिने पणजीच्या शेजारी लावून घेतला.