नेबॉश आणि एडिस: चाळिशीनंतर सेफ्टीत येणाऱ्यांनी आधी काय करावं?

नंदेसरी, रणोली, बाजवा, कोयलीपासून थेट दहेजपर्यंत प्रॉडक्शन किंवा मेंटेनन्समध्ये पंधरा-वीस वर्षं काढलेले बडोद्याचे पुष्कळ मराठी लोक चाळिशी ओलांडली की सेफ्टीकडे, म्हणजे कारखान्यातल्या सुरक्षेच्या कामाकडे, वळायचं म्हणतात. मला हा निर्णय मनापासून पटतो. ज्याने रात्रपाळीत हॉट वर्कच्या, म्हणजे ठिणग्या-ज्वाला निघणाऱ्या कामाच्या, परमिटवर सह्या केल्या आहेत, टाकीत माणूस उतरण्याआधी गॅस टेस्ट करून घेतली आहे, त्याचं या कामातलं निम्मं शिक्षण आधीच झालेलं असतं. अडतं ते कागदावर. कुणी सांगतं नेबॉश करा, कुणी सांगतं एडिस करा, आणि ऐकणाऱ्याला वाटतं की दोन्ही एकच, एक जरा परदेशी आणि एक देशी. तसं धरून चाललं तर पैसे आणि वर्ष दोन्ही वाया जाऊ शकतात.

नेबॉश ही १९७९ साली सुरू झालेली ब्रिटनमधली परीक्षा घेणारी संस्था. आपल्याकडे ‘नेबॉश केलं’ म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा इंटरनॅशनल जनरल सर्टिफिकेट, म्हणजे आयजीसी, असा अर्थ असतो. त्याला शिक्षणाची अट नाही. दोन भाग असतात. पहिल्यात एका काल्पनिक कंपनीची हकिगत देतात आणि पुस्तकं उघडी ठेवून तिच्यावरच्या प्रश्नांची उत्तरं लिहायची असतात. दुसऱ्यात एखाद्या खऱ्या कामाच्या जागेचं रिस्क असेसमेंट, म्हणजे धोक्यांचं मूल्यमापन, करायचं, किमान पाच प्रकारांतले किमान दहा धोके शोधून.

पुस्तक उघडं म्हणून पहिला भाग सोपा समजू नका. अनुभवी माणूस नेमका इथेच अडकतो. त्याला उत्तर ठाऊक असतं, पण तो आपल्या प्लांटमधलं उत्तर लिहितो, नाहीतर पुस्तकातली व्याख्या उतरवतो. परीक्षकाला हवं असतं ते दिलेल्या हकिगतीतल्या बारकाव्यांशी जोडलेलं उत्तर: सुपरवायझर काय म्हणाला, फोर्कलिफ्ट कुठून गेली, ट्रेनिंगची नोंद का नव्हती. आणि हे सगळं सलग इंग्रजी वाक्यांत. लॉगबुकात वीस वर्षं दोन-दोन शब्दांच्या नोंदी करणाऱ्या हाताला याचा सराव लागतो. विषयाच्या अभ्यासाआधी महिनाभर रोज पानभर लिहा, असं मी आवर्जून सांगेन.

एडिस म्हणजे ॲडव्हान्स्ड डिप्लोमा इन इंडस्ट्रियल सेफ्टी. साधारण वर्षभराचा अभ्यासक्रम. मुंबईत सायनला केंद्र सरकारची सेंट्रल लेबर इन्स्टिट्यूट तो चालवते, राज्यांच्या तांत्रिक परीक्षा मंडळांतर्फेही तो होतो. बडोदेकरांनी चौकशी गावातल्याच गुजरात सेफ्टी कौन्सिलपासून सुरू करावी. एडिसचं वजन अभ्यासक्रमापेक्षा कायद्यामुळे आहे. फॅक्टरी कायदा १९४८चा, त्यात १९७६च्या दुरुस्तीने कलम ४०बी आलं: हजार किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्यात, आणि सरकार ठरवेल त्या धोक्याच्या प्रक्रिया चालतात तिथे, सेफ्टी ऑफिसर नेमणं बंधनकारक झालं. त्याची पात्रता राज्याचे नियम ठरवतात. त्या नियमांचा साचा सर्वसाधारणपणे असा: इंजिनिअरिंगची पदवी असेल तर कारखान्यात देखरेखीच्या पदावरचा दोन वर्षांचा अनुभव, भौतिकशास्त्र किंवा रसायनशास्त्राची पदवी असेल तर पाच वर्षांचा, त्यावर राज्य सरकारने मान्य केलेली औद्योगिक सुरक्षेची पदवी किंवा डिप्लोमा, आणि बहुसंख्य कामगारांच्या भाषेचं पुरेसं ज्ञान.

या शेवटच्या अटीकडे लोक लक्ष देत नाहीत. मला ती सगळ्यांत शहाणपणाची वाटते, कारण धोक्याची सूचना कामगाराला त्याच्या भाषेत कळली तरच तिचा उपयोग. दांडिया बाजार, रावपुऱ्यात वाढलेला मराठी माणूस घरात मराठी, बाजारात गुजराती आणि कंत्राटी कामगारांशी हिंदी सहज बोलतो. या कामात ती मोठी जमेची बाजू आहे.

तर मुख्य फरक हा: कायद्याने भरावी लागणारी सेफ्टी ऑफिसरची जागा निव्वळ आयजीसीवर मिळत नाही. कंपनीत तुमचं पद एचएसई (आरोग्य, सुरक्षा, पर्यावरण) विभागातलं असेल, पगारही उत्तम असेल, पण तपासणीला आलेला अधिकारी मान्यताप्राप्त डिप्लोमा मागणार. उलट सौदी, कतार, अमिरातीतल्या तेल-वायूच्या प्रकल्पांच्या जाहिरातींत नेबॉशच मागतात, तिथे एडिस काय हे समजावत बसावं लागतं. मोठ्या बांधकाम-कंत्राटदार कंपन्याही परदेशी ग्राहक असला की नेबॉश बघतात.

आता कायदाही बदलला आहे. २१ नोव्हेंबर २०२५पासून फॅक्टरी कायद्याच्या जागी व्यावसायिक सुरक्षेची २०२०ची संहिता आली. तिच्यात सेफ्टी ऑफिसरसाठी कारखान्यात ५०० कामगारांची, धोकादायक प्रक्रिया असेल तर २५० कामगारांची मर्यादा आहे. हजारावरून पाचशेवर येणं म्हणजे जागा वाढण्याची शक्यता. म्हणून फी भरण्याआधी गुजरातचे सध्या लागू असलेले नियम औद्योगिक सुरक्षा संचालनालयाच्या कचेरीत विचारून घ्याच. ‘घरबसल्या एडिस’ विकणाऱ्यांच्या बाबतीत तर दुप्पट सावध राहा. डिप्लोमा देणारं मंडळ राज्य सरकारला मान्य आहे का, याचा लेखी पुरावा मागा. तो देताना टाळाटाळ झाली तर उठून या.

माझं मत विचाराल तर, बडोद्यातच राहायचं आहे, मुलं शाळा-कॉलेजात आहेत, आई-वडील सोबत आहेत, तर आधी एडिस. आखातात जाण्याचं पक्कं असेल, किंवा पदवीच नसल्याने सेफ्टी ऑफिसरच्या पात्रतेत बसत नसाल, तर नेबॉश. दोन्ही एकाच वर्षात करायला जाऊ नका, शिफ्ट सांभाळून ते झेपत नाही.

आणि एक काम आजच करा, दोन्हींपैकी काहीही ठरवलं तरी. तुमच्या अनुभवाच्या पत्रात नुसतं ‘प्लांटमध्ये कार्यरत’ असं असेल तर ते बदलून घ्या. कोणत्या तारखेपासून, कोणत्या विभागात, किती माणसांवर देखरेख केली, हे त्यात स्पष्ट लिहिलेलं हवं. जुन्या कंपनीतले तुम्हाला ओळखणारे साहेब निवृत्त होण्याआधी त्यांची सही घ्या. डिप्लोमा वर्षभरात मिळतो, पण ती मागची वर्षं सिद्ध करायला नंतर कुणी सापडत नाही.