आंतरतारकीय प्रवासाचा कालावधी

एका ताऱ्याच्या ग्रहमंडळातून निघून दुसऱ्या ताऱ्यापर्यंत पोहोचण्यास लागणारा काळ. सूर्याला सर्वांत जवळचा तारा प्रॉक्झिमा सेंटॉरी हा नरतुरंग तारकासमूहात ४.२४ प्रकाशवर्षांवर, म्हणजे सुमारे ४० लाख कोटी किमी अंतरावर आहे. तिथे जायला माणसाला किती वर्षे लागतील, या प्रश्नाची लाखभर वर्षांपासून साडेतीन वर्षांपर्यंत काहीही उत्तरे वाचायला मिळतात, आणि गंमत म्हणजे त्यांतली बहुतेक हिशेबाला बरोबर असतात. यान कोणते, ते तिथे थांबणार की नुसतेच जवळून निघून जाणार, आणि वर्षे कोणत्या घड्याळावर मोजायची, पृथ्वीवरच्या की यानातल्या, एवढे ठरवल्याशिवाय आकड्याला अर्थ येत नाही.

पृथ्वी ते सूर्य हे अंतर १ मीटर मानले, तर नेपच्यून ३० मीटरवर येतो. १९७७ मध्ये सुटलेले व्हॉयेजर १ हे यान, म्हणजे माणसाच्या हातची सर्वांत दूर गेलेली वस्तू, या मापाने सुमारे १७० मीटरवर आहे. प्रॉक्झिमा येतो २६८ किलोमीटरवर. व्हॉयेजर १ ने २५ ऑगस्ट २०१२ रोजी सौरवाऱ्याची हद्द ओलांडली आणि ते आंतरतारकीय अवकाशात गेले असे जाहीर झाले. ते खरेच आहे. पण उंबरठा ओलांडला म्हणजे गाव आले असे नाही. सेकंदाला १७ किमी या त्याच्या वेगाने प्रॉक्झिमाएवढे अंतर काटायला सुमारे ७५,००० वर्षे लागतील. मुळात ते त्या दिशेने चाललेलेही नाही. सुमारे ४०,००० वर्षांनी ते ग्लीझ ४४५ या ताऱ्याच्या ‘जवळून’ जाईल, तेव्हाही मधले अंतर १.६ प्रकाशवर्षे असेल.

माणसे बसलेल्या यानाचा विक्रम याहूनही कमी आहे. मे १९६९ मध्ये चंद्राकडून परतताना अपोलो १० ने ताशी ३९,८९७ किमी वेग गाठला. त्याच वेगाने निघाल्यास प्रॉक्झिमाला १ लाख १५ हजार वर्षे लागतात. पार्कर या सौरयानाने डिसेंबर २०२४ मध्ये ताशी सुमारे ६.९ लाख किमी वेग गाठला. त्या हिशेबाने प्रवास ६,६०० वर्षांवर येतो, आणि हा आकडा बऱ्याचदा आशेने सांगितला जातो. मात्र तो वेग सूर्याकडे पडताना मिळालेला, म्हणून उसना आहे. सूर्यापासून दूर जाऊ लागताच तो परत करावा लागतो.

वेग वाढवायचा तर इंधन वाढवावे, हा साधा विचार इथे चालत नाही. कारण जादा इंधन वाहून न्यायलाही इंधन लागते. कॉन्स्टंटिन त्सिओल्कोव्हस्की यांनी १९०३ मध्ये मांडलेल्या समीकरणानुसार, अग्निबाणातून वायू ज्या वेगाने बाहेर पडतो तितकी भर यानाच्या वेगात घालायची झाली, की दर वेळी सुरुवातीचे वजन सुमारे २.७ पट होते. हायड्रोजन-ऑक्सिजनच्या ज्वलनात हा वायू सेकंदाला साधारण ४.५ किमी वेगाने सुटतो. प्रकाशवेगाचा फक्त १ टक्का म्हणजे सेकंदाला ३,००० किमी. तेव्हा २.७ ने सुमारे ६६७ वेळा गुणावे लागते आणि उत्तरात २९० आकडी संख्या येते. दृश्य विश्वातल्या एकूण अणूंची संख्या जेमतेम ८० आकडी मानतात. रासायनिक इंधनाचा विषय इथेच संपतो.

उरते अणुऊर्जा. १९५८ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या ‘ओरायन’ प्रकल्पात यानामागे एकामागून एक अणुबाँब फोडून त्या धक्क्यांवर ते पुढे ढकलायचे होते. १९६३ च्या करारात अवकाशातील अणुस्फोटांवर बंदी आली आणि १९६५ मध्ये काम थांबले. यापेक्षा कसून केलेला आराखडा ब्रिटिश इंटरप्लॅनेटरी सोसायटीच्या ‘डीडॅलस’ चा (१९७३–७८). अणुसंमीलनावर चालणारे हे ५४,००० टनांचे यान, त्यातले ५०,००० टन इंधनच. आणि इंधनासाठी लागणारा हीलियम-३ गुरूच्या वातावरणातून गोळा करायचा. प्रकाशाच्या १२ टक्के वेगाने ५.९ प्रकाशवर्षांवरच्या बार्नार्डच्या ताऱ्याला पोहोचायला ५० वर्षे. पण यानात माणूस नाही आणि यानाला थांबण्याची सोय नाही. पन्नास वर्षे चालून आलेले हे यान पृथ्वीच्या कक्षेच्या व्यासाएवढा टापू सव्वादोन तासांत पार करून अंधारात निघून जाणार.

थांबण्याचा मुद्दा लोकप्रिय लेखांत हमखास गळतो. अवकाशात घर्षण नसल्याने वेग कमी करायला तितकीच शक्ती उलट्या दिशेने लावावी लागते, आणि ते इंधनही निघतानाच बरोबर घ्यावे लागते. नुसते जवळून जायला यानाचे वजन दहापट करावे लागत असेल, तर थांबण्यासाठी ते शंभरपट होते. माणसाला घेऊन जायचे तर थांबणे आलेच. २०१६ मध्ये जाहीर झालेल्या ‘ब्रेकथ्रू स्टारशॉट’ या योजनेत इंधनाचा प्रश्नच टाळला होता: काही ग्रॅमचे यान, त्याला पातळ शीड आणि जमिनीवरून त्यावर लेसरचा मारा. वेग प्रकाशाच्या २० टक्के, काळ सुमारे २० वर्षे. तेही थांबणारे नाही, आणि काही ग्रॅममध्ये माणूस मावत नाही. शिवाय अशा वेगात धूळही घातक ठरते. प्रकाशाच्या १० टक्के वेगाने जाणाऱ्या यानावर १ मिलिग्रॅमचा कण आदळला, तर सुमारे १०० किलो टीएनटी फुटल्याइतकी ऊर्जा बाहेर पडते.

वेगवान यानात काळ मंदावतो, हे आइन्स्टाइनच्या सापेक्षतेचे फळ खरे, पण ते स्वस्तात मिळत नाही. प्रकाशाच्या १० टक्के वेगाने प्रॉक्झिमाला ४२ वर्षे लागतात, आणि त्यात प्रवाशांचे वाचतात जेमतेम अडीच महिने. खरा फरक प्रकाशवेगाच्या अगदी जवळ पडतो. पृथ्वीवरच्या गुरुत्वाइतक्या त्वरणाने अर्धी वाट वेग वाढवत आणि उरलेली अर्धी तो कमी करत गेल्यास पृथ्वीवर ५.९ वर्षे सरतात, यानात साडेतीन. याच पद्धतीने आकाशगंगेच्या केंद्रापर्यंतचा प्रवास यानातल्या घड्याळाने २० वर्षांत उरकतो. इकडे पृथ्वीवर २६,००० हून अधिक वर्षे उलटलेली असतात. कागदावर यात चूक नाही. मात्र द्रव्य आणि प्रतिद्रव्य यांचे पूर्ण प्रकाशात रूपांतर करणारे आदर्श इंजिन धरले, तरी प्रॉक्झिमाला जाऊन थांबायला दर किलो यानामागे ३८ किलो इंधन हवे आणि त्यातले निम्मे प्रतिद्रव्य. आजवर प्रयोगशाळांत तयार झालेले सारे प्रतिद्रव्य नॅनोग्रॅमच्या घरात आहे.

शरीराचा अनुभव याहून तोकडा आहे. सलग अवकाशात राहण्याचा विक्रम व्हालेरी पोल्याकोव्ह यांचा, १९९४–९५ मधील ४३७ दिवसांचा. म्हणून शतकांच्या प्रवासासाठी पिढ्यान् पिढ्या यानातच जन्मणाऱ्या वस्तीची कल्पना पुढे येते. फ्रेदेरिक मारँ आणि कामी बेलुफी यांनी २०१८ मध्ये ६,३०० वर्षांच्या प्रवासाचे संगणकीय गणित करून, निरोगी वंश टिकण्यासाठी निघताना किमान ९८ माणसे हवीत असे दाखवले. मधल्या शेकडो पिढ्यांची संमती कोणी घ्यायची, हे गणितात येत नाही.

निघावे कधी, हाही हिशेबाचाच भाग आहे. अँड्र्यू केनेडी यांनी २००६ मध्ये दाखवले की वाहनांचा वेग काळाबरोबर वाढत राहणार असेल, तर फार लवकर निघालेल्यांना नंतर निघालेले वाटेत मागे टाकतात आणि त्यांच्या आधी पोहोचतात. त्यामुळे काही काळ थांबणे फायद्याचे ठरते. एका मर्यादेनंतर मात्र थांबण्यातही तोटाच.

पोहोचल्याची खबर यायला लागणारा काळ या सर्व आकड्यांच्या वर धरायचा. व्हॉयेजर १ नोव्हेंबर २०२३ पासून निरर्थक माहिती पाठवू लागले, तेव्हा त्याच्या संगणकातली खराब जागा टाळून चालणारा दुरुस्त कोड १८ एप्रिल २०२४ रोजी पाठवण्यात आला. संदेश तिथे पोहोचायला साडेबावीस तास, उत्तर यायला तितकेच. दुरुस्ती लागू पडल्याचे २० एप्रिलला कळले. प्रॉक्झिमाजवळच्या यानाला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर साडेआठ वर्षांनी येईल.