बाह्य हार्ड डिस्क न ओळखली जाणे

बाह्य हार्ड डिस्क लॅपटॉपला जोडल्यावरही फाइलींच्या यादीत तिचे नाव न उमटणे, या अवस्थेला इंदूरच्या मराठी घरांत ‘डिस्क पकडत नाही’ असे म्हणतात. बोलण्यात हा एकच दोष वाटतो. प्रत्यक्षात मात्र डिस्कला वीज न मिळणे, वीज मिळूनही लॅपटॉपशी संवाद न होणे, संवाद होऊनही आतील मांडणी न वाचता येणे आणि सर्व ठीक असूनही केवळ ड्राइव्ह लेटर, म्हणजे विंडोज डिस्कला देते ते ‘D:’, ‘E:’ यांसारखे अक्षर, न मिळणे अशा चार निरनिराळ्या अवस्था त्यात मिसळलेल्या असतात. त्या वेगळ्या न काढता उपाय सुरू केल्यास मूळ दोषापेक्षा उपायानेच अधिक हानी होण्याचा संभव असतो.

पहिली परीक्षा हाताने करता येते. अडीच इंची डिस्क तळहातावर अलगद धरून केबल जोडली असता तबकडी फिरू लागल्याची बारीक थरथर जाणवते. ती जाणवली नाही, तर संशय प्रथम केबलवर आणि विजेवर घ्यावा. अशा डिस्कला वेगळा ॲडॉप्टर नसतो. यूएसबी २.० पोर्टमधून प्रमाणानुसार ५०० मिलिॲम्पिअर, तर यूएसबी ३.० मधून ९०० मिलिॲम्पिअर प्रवाह मिळतो, आणि तबकडी स्थिर अवस्थेतून गती घेते त्या क्षणी मागणी सर्वाधिक असते. त्यामुळे दिवा लागतो, पण डिस्क फिरत नाही, किंवा फिरू लागून पुन्हा बंद पडते, असे घडते. माउस, पेन ड्राइव्ह आणि डिस्क एकाच स्वस्त हबवर (एका पोर्टचे अनेक पोर्ट करणाऱ्या जोडणीवर) लावली की हाच प्रकार होतो, म्हणून परीक्षेच्या वेळी हब काढून डिस्क थेट लॅपटॉपच्या पोर्टला लावावी. साडेतीन इंची डिस्कला मात्र १२ व्होल्टचा स्वतंत्र ॲडॉप्टर लागतो. बऱ्याच डिस्कना असणारे, दोन भागांचे रुंद, चपटे मायक्रो-बी टोक वारंवार काढल्या-घातल्याने सैल होते. ते जागेवर बसलेले दिसते, पण किंचित हलवताच संपर्क तुटतो. रवींद्रनाथ टागोर मार्गावरील सिल्व्हर मॉलसारख्या संगणक-बाजारात ही केबल सहज मिळते, आणि दुसऱ्या कोणत्याही खर्चाआधी ती बदलून पाहणे शहाणपणाचे असते.

डिस्क फिरत असेल, तर विंडोजमध्ये डिस्क मॅनेजमेंट हे जोडलेल्या डिस्क दाखवणारे साधन उघडून पाहावे. तेथे डिस्क योग्य आकारासह आणि पार्टिशनसह (आतल्या विभागांसह) दिसत असून केवळ अक्षर नसेल, तर अक्षर दिल्याने काम भागते. ‘ऑफलाइन’ लिहिलेले असेल, तर ती ऑनलाइन करता येते. आकार शून्य दाखवत असेल, तर दोष बहुधा डिस्कच्या किंवा तिच्या सर्किटच्या अंगाचा असतो. फाइल सिस्टिमच्या, म्हणजे फाइलींच्या मांडणीच्या पद्धतीच्या, जागी ‘रॉ’ दिसणे म्हणजे मांडणीची नोंद बिघडली, फाइली पुसल्या गेल्याच असे नव्हे. मॅकसाठी एपीएफएस या ॲपलच्या फाइल सिस्टिममध्ये फॉरमॅट केलेली डिस्क विंडोजला मुळात वाचताच येत नाही. हा दोष नसून भाषेचा फरक आहे. उलट विंडोजच्या एनटीएफएस फाइल सिस्टिमची डिस्क मॅकवर वाचता येते, पण जादा सॉफ्टवेअरशिवाय तिच्यावर लिहिता येत नाही.

याच टप्प्यावर पडद्यावर ‘फॉरमॅट करायचे का’ किंवा ‘इनिशियलाइझ करा’ असा प्रश्न येतो. रामबागेतल्या एखाद्या घरी मुंजीचे चित्रीकरण टीव्हीवर पाहून झाल्यावर, डिस्कवर लिहिणे चालू असतानाच केबल ओढली गेली, तर दुसऱ्या दिवशी लॅपटॉप हाच प्रश्न विचारतो, आणि घाईत होकार दिला जातो. फाइली हव्या असतील तर उत्तर नकारार्थीच असले पाहिजे. चेकडिस्क ही विंडोजची डिस्क-तपासणीची आज्ञाही या अवस्थेत लगेच चालवू नये, कारण ती नोंदी दुरुस्त करण्यासाठी डिस्कवर लिहिते. दुरुस्तीसाठी डिस्क दुकानात देतानाही ‘डिस्क चालू हवी की आतला मजकूर हवा’ याचे उत्तर स्पष्ट सांगावे लागते. चालू झालेली रिकामी डिस्क हीही दुकानदाराच्या दृष्टीने यशस्वी दुरुस्तीच असते.

ठरावीक अंतराने येणारी टक-टक मात्र वेगळी गोष्ट आहे. वाचणारे हेड आणि तबकडी यांतील अंतर काही नॅनोमीटर इतकेच असते, आणि बिघडलेले हेड प्रत्येक वेळी डिस्क चालू करताना तबकडीला अधिक इजा करू शकते. डिस्क फ्रीजरमध्ये ठेवण्याचा ऐकीव उपाय तर आत दव धरून उरलीसुरली आशाही घालवतो. टक-टक नसून वाचन केवळ अडखळत असेल, तर आधी डीडीरेस्क्यूसारख्या, वाचता न येणारे भाग बाजूला ठेवून पुढे जाणाऱ्या साधनाने दुसऱ्या डिस्कवर प्रत घ्यावी आणि शोध त्या प्रतीवर करावा. डिस्क खोक्यातून काढून दुसऱ्या केसमध्ये घालण्याचा मार्ग पुष्कळदा उपयोगी पडतो, कारण बाहेरचे यूएसबी सर्किटच जळालेले असू शकते. परंतु काही डिस्कमध्ये यूएसबी जोडणी डिस्कच्या मूळ सर्किट-पाटीवरच असल्याने दुसऱ्या केसला जोडण्यासाठी लागणारे साटा टोक सापडत नाही, आणि काहींत ते सर्किटच मजकूर कूटबद्ध करत असल्याने नव्या केसमध्ये डिस्क फिरते, आकारही बरोबर दाखवते, पण आतले काही वाचता येत नाही.