क्लोन्सचा मॅग्विगन : पासपोर्ट, किताब आणि निवृत्ती

बॉक्सर बॅरी मॅग्विगन मोनॅहन परगण्यातल्या क्लोन्सचा. गाव आयर्लंड प्रजासत्ताकात, पण ब्रिटनच्या अखत्यारीतल्या उत्तर आयर्लंडची सीमा हाकेच्या अंतरावर. हौशी बॉक्सिंगचा कारभार अख्ख्या बेटासाठी एकच असल्याने १९७८ मध्ये, सतराव्या वर्षी, एडमंटनच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने उत्तर आयर्लंडकडून सुवर्ण जिंकलं आणि १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकमध्ये तो आयर्लंडकडून उतरला.

व्यावसायिक झाल्यावर मात्र अडचण आली. ब्रिटिश किताबासाठी लढायचं तर ब्रिटिश नागरिकत्व हवं. ते त्याने घेतलं आणि १९८३ मध्ये फेदरवेट या वजनगटाचा किताब जिंकला. उत्तर आयर्लंडच्या तुरुंगात ब्रिटिश सरकारविरुद्ध १९८१ मध्ये झालेल्या उपोषणात दहा आयरिश कैदी मरून फार काळ लोटला नव्हता. कट्टर आयरिश राष्ट्रवाद्यांनी त्याला गद्दार ठरवलं. हा आरोप अन्यायाचा होता. जागतिक लढतीपर्यंत पोचायची वाट तेव्हा ब्रिटिश आणि युरोपीय किताबांवरून जायची, आणि ती अडवून घरी बसणं कोणत्याही देशभक्तीच्या कामाचं नव्हतं. शिवाय रिंगमध्ये त्याने ब्रिटिश किंवा आयरिश, कुठलाच झेंडा मिरवला नाही. त्याच्या चड्डीवर शांततेचं कबुतर असे, राष्ट्रगीताऐवजी वडील ‘डॅनी बॉय’ गात. बेलफास्टच्या किंग्ज हॉलमध्ये कॅथलिक आणि प्रोटेस्टंट एकाच बाकावर बसून तेच गाणं म्हणत. या दोन समाजांतल्या हिंसक संघर्षाच्या त्या वर्षांत त्या शहरात हे सहज घडणारं नव्हतं.

८ जून १९८५ ला लंडनच्या लॉफ्टस रोडवर, २५ हजारांहून जास्त प्रेक्षकांसमोर, त्याने सात वर्षं अजिंक्य राहिलेल्या पनामाच्या विश्वविजेत्याला सातव्या फेरीत खाली पाडलं आणि पंधरा फेऱ्यांनंतर गुणांवर हरवलं. १९८२ मध्ये मॅग्विगनशी झालेल्या लढतीनंतर कोमात गेलेला एक नायजेरियन प्रतिस्पर्धी पुढे दगावला होता. विश्वविजेता होताच मॅग्विगनने रडत रडत हा विजय त्यालाच अर्पण केला.

किताब वर्षभरच टिकला. जून १९८६ मध्ये लास वेगासच्या रणरणत्या उन्हात, उघड्यावर, तो शेवटच्या फेरीत दोनदा पडला आणि लढत हरला. दोन पंचांच्या कार्डांवर फरक फक्त एका गुणाचा होता. अंगातलं पाणी इतकं आटलं होतं की त्याला इस्पितळात न्यावं लागलं. पुढच्या वर्षी वडील गेले. १९८८ मध्ये तो परतला, सलग जिंकलाही, पण मे १९८९ मध्ये मँचेस्टरला चौथ्या फेरीत जखमेमुळे लढत थांबली. वय अठ्ठावीस, ३५ लढतींत ३२ विजय. त्यानंतर त्याने ग्लोव्ह्ज उतरवले ते कायमचे.