कोल्डरूममध्ये टिकला, राजारामपुरीत बिघडला

मागच्या जुलैत एक आइस्क्रीमवाला मित्र त्याच्या कोल्डरूममधला छोटा संगणक घेऊन कोल्हापुरात राजारामपुरीतल्या माझ्या संगणक-दुरुस्तीच्या दुकानात आला. आत उणे १८ अंश सेल्सिअस. तिथं हा डबा वर्षभर वजनकाट्याला जोडलेला होता आणि खोक्यांची लेबलं छापत होता. एक सॉकेट सैल झालं म्हणून त्यानं तो काढला, गाडीच्या डिकीत टाकून आणला आणि मी हातातलं काम संपवेपर्यंत स्वतःच प्लग लावून बटण दाबलं. फट्‌ असा आवाज झाला आणि सगळं बंद.

"गारठ्यानं गेला बघ," तो म्हणाला. "पण आत तर बिनतक्रार चालत हुता की!"

मी झाकण उघडलं. रॅमच्या खाचेभोवती बारीक थेंब जमले होते. मदरबोर्डवरून बोट फिरवलं तर बोट ओलं झालं. पॉवर सप्लायच्या कोपऱ्यात धूळ आणि पाणी मिळून चिखलाची रेघ झाली होती आणि तिथंच जळल्याचा काळा डाग होता. गारठ्यानं तो संगणक गेलाच नव्हता. तो गेला कोल्हापूरच्या हवेनं.

पावसाळ्यात आपल्याकडे तापमान २५ अंश आणि आर्द्रता ९० टक्के असली, की दवबिंदू येतो साधारण २३ अंशांवर. त्याहून गार असलेल्या कुठल्याही वस्तूवर हवेतली वाफ पाणी होऊन बसते. फ्रीजमधून काढलेल्या तांब्याला घाम फुटतो, तसंच. तांब्याला फडकं लावता येतं. मदरबोर्डवरच्या चिपच्या केसाएवढ्या अंतरावरच्या पायांमध्ये फडकं कुठून पोहोचणार? कोल्डरूमच्या आत मात्र ही भीती कमी, कारण चालू संगणक स्वतःच्या उष्णतेनं भोवतालच्या हवेपेक्षा थोडा गरम राहतो, आणि त्या हवेत वाफही फार थोडी असते.

मग गारठा चिपला चांगला की वाईट? बराच काळ चांगलाच. चिप ज्याची बनते त्या सिलिकॉनमध्ये, गार असताना, इलेक्ट्रॉनना अडथळा कमी होतो, ट्रान्झिस्टरमधून, म्हणजे चिपमधल्या बारीक स्विचमधून, झिरपणारा वीजप्रवाह घटतो. तांब्याची तारही सुधारते: द्रवरूप नायट्रोजनच्या उणे १९६ अंशांना शुद्ध तांब्याचा रोध नेहमीच्या सातव्या-आठव्या हिश्श्यावर येतो. म्हणूनच १९८७ मध्ये बाजारात आलेल्या ईटीए-१० या महासंगणकाच्या मोठ्या मॉडेलांचे प्रोसेसर थेट द्रवरूप नायट्रोजनमध्ये बुडवलेले असत.

पण यालाही तळ आहे. शुद्ध सिलिकॉन वीज फारशी वाहून नेत नाही. त्यात फॉस्फरससारखे अणू मिसळले, की चिप बनते. त्या अणूंकडचे इलेक्ट्रॉन खोलीतल्या साध्या उबेनं मोकळे होतात. ऊब काढून घेत गेलो, की ते आपापल्या अणूला चिकटून बसायला लागतात, आणि फारच खाली गेलो की वीज वाहून न्यायला कुणी उरत नाही. त्याच्या बऱ्याच आधी दुसरी अडचण येते: गार ट्रान्झिस्टर चालू व्हायला जास्त व्होल्टेज मागतो. ओव्हरक्लॉकिंग करणारी, म्हणजे प्रोसेसर ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवणारी मंडळी नायट्रोजन ओतत राहतात आणि एका ठरावीक तापमानाखाली प्रोसेसर अचानक थांबतो, तो अशाच कारणांनी. थोडा गरम केला की पुन्हा चालतो.

साध्या चिपला कंपन्या बहुधा ० ते ७० अंशांची हमी देतात, कारखान्यात वापरायच्या चिपला उणे ४० ते ८५. शून्याला काही कडा नाही की पुढे पाऊल टाकलं आणि कोसळलं. हमी तिथं संपते, इतकंच.

चिपच्या आधी तिचे सोबती हार मानतात, आणि माझ्या टेबलावर येतात ते हेच. फिरत्या हार्डडिस्कच्या बेअरिंगमधलं तेल घट्ट होतं, म्हणून तिला बहुधा ५ अंशांच्या खाली चालवू नका असं सांगितलेलं असतं. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमधला, म्हणजे वीज थोडी साठवून ठेवणाऱ्या डबीतला, द्रव दाट झाला की त्याची क्षमता घटते आणि संगणक चालू होताना अडखळतो. एलसीडी पडद्यावरची अक्षरं मागे ओढल्यासारखी दिसतात. लिथियम बॅटरी तर शून्याखाली चार्ज करूच नये, आत लिथियमचा धातू साचतो आणि ते नुकसान भरून येत नाही.

चांद्रयान-३ चा विक्रम २३ ऑगस्ट २०२३ ला उतरला, तेव्हा आमच्या दुकानात काम थांबलं होतं. सप्टेंबरच्या सुरुवातीला विक्रम आणि प्रज्ञान यांना झोपवलं. चंद्रावरची रात्र आपल्या चौदा दिवसांची, पारा उणे दीडशेच्याही खाली, आणि ही यंत्रं एका चांद्रदिवसाच्या कामासाठीच बनवलेली. ती पुन्हा जागी झाली नाहीत. मला आजही त्याचं वाईट वाटतं.

मित्राचा पॉवर सप्लाय बदलला, बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलनं धुऊन दोन दिवस वाळवला. बोर्ड वाचला. आता संगणक कोल्डरूमच्या भिंतीबाहेर असतो, आत फक्त वजनकाटा आणि त्याची वायर, भोकात सिलिकॉन सीलंट भरलेलं. काटा दुरुस्तीला काढायचा असेल, तर तो आतच प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, हवा दाबून काढून घट्ट बांधतो आणि मग बाहेर आणतो. घाम पिशवीला फुटतो. पिशवी बाहेरून कोरडी होऊन हाताला गार लागेनाशी झाली, की मगच गाठ सोडतो. पावसाळ्यात त्याला चांगले चार-पाच तास लागतात.