चाळ (मुंबई)

चाळ : एका छपराखाली ओळीने बांधलेल्या, बहुधा एकखणी खोल्यांची आणि सामाईक गॅलरी, नळ व शौचकूप असलेली भाड्याची इमारत. मुंबईत गिरगाव, काळबादेवी, परळ, लालबाग, लोअर परळ, वरळी, नायगाव, शिवडी या भागांत ती विशेष आढळते. एकमजलीपासून चार-पाच मजल्यांपर्यंत तिची उंची असते. उपनगरांत तळमजल्याच्याच रांगेला बैठी चाळ म्हणतात. इमारतीच्या प्रकारासाठी योजलेला हा शब्द पुढे तेथील राहणीलाही लागला. ‘चाळीतला’ हे विशेषण मुंबईकर कधी अभिमानाने, तर कधी नाक मुरडून वापरतो.

व्युत्पत्ती : मराठीत चाळ हा शब्द निदान तीन वस्तूंसाठी रूढ आहे. इमारतीची चाळ स्त्रीलिंगी आहे. नर्तकाच्या पायातले घुंगरांचे चाळ पुल्लिंगी आहेत. नाशिक-नगरकडे कांदा साठवण्यासाठी फळ्या वा बांबूंची लांबट, हवेशीर आडोशाची बांधणी करतात, ती कांदाचाळ. तिन्हींचे मूळ एकच की वेगवेगळे, याबद्दल एकमत नाही.

चालणे या धातूशी संबंध जोडणे सर्वांत सोपे, कारण चाळीतली गॅलरी ही मुळात येण्याजाण्याची वाटच असते. परंतु ध्वनिनियम आड येतो. चालणे हे रूप प्राकृतातील ‘चल्लइ’ या जोड ‘ल्ल’ असलेल्या रूपावरून आले, म्हणून त्यातला ल तसाच राहिला. स्वरांमधला एकेरी ल मराठीत ळ होतो (काल–काळ, फल–फळ). तेव्हा चालणेवरून ‘चाल’ मिळेल, ‘चाळ’ मिळणे अवघड. एकेरी ल मानला तर चळणे, चाळणे हे धातू हाती येतात, पण त्यांचा अर्थ हलणे, ढवळणे, चाळणीतून गाळणे असा आहे. इमारतीकडे त्यातून वाट निघत नाही.

दुसरा पर्याय संस्कृत ‘शाला’ हा. त्यात ळ नियमाने मिळतो, अडचण आद्य व्यंजनाची आहे. तद्भव शब्दांत शालाचे साळ झालेले दिसते (टांकसाळ, पडसाळ), आणि तत्समाकडे झुकणाऱ्या शब्दांत श टिकलेला आहे (धर्मशाळा, गोशाळा). श चा च झाल्याचे असे दुसरे उदाहरण दाखवता आले नाही, तर ही व्युत्पत्ती केवळ अर्थावर उभी राहते.

तिसरा पर्याय द्राविड आहे. कन्नडमध्ये ‘सालु’ म्हणजे ओळ (रस्त्याकडेच्या झाडांच्या रांगेला तिकडे ‘सालुमर’ म्हणतात), तेलुगूत ‘चालु’ म्हणजे नांगराचे तास. ओळ हा मूळ अर्थ धरल्यास खोल्यांची ओळ, घुंगरांची ओळ आणि कांद्याची लांबट चाळ या तिन्हींचा उलगडा एकाच वेळी होतो. ते पाहता हा पर्याय अधिक समाधानकारक वाटतो. एक गाठ मात्र सुटत नाही : गुजरातीत याच प्रकारच्या वस्तीला ‘चाली’ म्हणतात आणि तेथे ल आहे, ळ नाही. गुजरातीत दोन्ही वर्ण स्वतंत्र असल्यामुळे हा फरक उच्चारातला ढिलेपणा म्हणून सोडून देता येत नाही. दोहोंपैकी एका भाषेने दुसरीकडून शब्द घेतला असावा. मुंबईत मराठी मजूर आणि गुजराती घरमालक शेजारी होते, हे लक्षात घेता तसे घडणे अशक्य नाही. इंग्रजीतला ‘चॉल’ हा मुंबईतूनच गेला.

उगम व काळ : मुंबईतली पहिली चाळ कोणती, हे निश्चित सांगता येत नाही. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये ताडदेव येथे कापडगिरणीची कंपनी स्थापन केली आणि १८५६ च्या सुमारास उत्पादन सुरू झाले. चाळींचा इतिहास येथूनच मांडण्याची प्रथा आहे. ती सोयीची असली तरी पुरेशी नाही. गिरगाव-काळबादेवीतल्या पांढरपेशा चाळींचा गिरण्यांशी थेट संबंध नव्हता. त्या व्यापारी पैशातून, बहुधा १८६१–६५ च्या कापूस-तेजीनंतर, वाड्यांच्या आवारांत उभ्या राहिल्या असाव्यात. लष्कराच्या बराकी आणि नोकरांच्या ‘लायनी’ यांच्याशी चाळीच्या आराखड्याचे साम्य उघड आहे. कोकण-देशावरची पडवी आणि ओसरी हा दुसरा नमुना. दोन्ही धागे एकत्र आले, असे मानणे रास्त होईल. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गिरणगावात चाळ हे कामगारवस्तीचे मुख्य रूप झाले होते, एवढे निःशंकपणे म्हणता येते.

१८९६ ची प्लेगची साथ हा या इतिहासातला मोठा वळसा होय. दाटीवाटी, अंधाऱ्या खोल्या आणि तुंबलेली गटारे यांवर सरकारचे लक्ष गेले आणि १८९८ मध्ये शहर-सुधारणा विश्वस्त मंडळ (बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट) स्थापन झाले. आग्रीपाडा, नागपाडा, परळ इत्यादी ठिकाणच्या बी.आय.टी. चाळी त्याच्याच. मंडळ १९३३ मध्ये महापालिकेत विलीन झाले. परळच्या बी.आय.टी. चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे सुमारे दोन दशके वास्तव्य होते.

त्यापुढची सरकारी योजना म्हणजे बी.डी.डी. चाळी. गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात १९२० मध्ये विकास खाते (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट, म्हणजे बी.डी.डी.) निघाले व त्याने वरळी (१२१), नायगाव (४२), डिलाइल रोड, आताचा ना. म. जोशी मार्ग (३२) आणि शिवडी (१२) अशा एकूण २०७ इमारती उभारल्या. प्रत्येक इमारत तळमजला व वर तीन माळे, दर माळ्यावर २० याप्रमाणे ८० खोल्या, खोली सुमारे १६० चौरस फुटांची. या चाळी लाकडाच्या नसून काँक्रीटच्या आहेत. महत्त्वाचा भेद वेगळाच आहे : जुन्या चाळीत गॅलरी बाहेरच्या अंगाला, उघडी असते, बी.डी.डी.त बोळ इमारतीच्या पोटात, दोन्ही बाजूंच्या दारांच्या मध्ये, अंधारा. चाळीच्या जीवनाबद्दल जे लिहिले जाते त्यातले बरेचसे उघड्या गॅलरीला लागू पडते, बी.डी.डी.ला जसेच्या तसे नाही. भाडे न परवडल्यामुळे आणि कामाच्या ठिकाणापासूनच्या अंतरामुळे यांतल्या कित्येक खोल्या आरंभी रिकाम्या पडल्या. १९३० च्या सविनय कायदेभंगात वरळीच्या काही इमारतींचा तात्पुरता तुरुंग केला होता.

रचना : जुन्या खासगी चाळीचा सांगाडा सागवानी खांब-तुळयांचा, भिंती विटांच्या, छप्पर मंगलोरी कौलांचे, कठडे व जिने लाकडी. खोली साधारण दहा फूट बाय दहा-बारा फूट. आत एका कोपऱ्यात मोरी, शेजारी ओटा, वर पोटमाळा. गिरगावात दोन खोल्यांचे बिऱ्हाड नवलाचे नव्हते, लालबाग-परळला ते सुदैव समजत. शौचकूप माळ्याच्या टोकाला किंवा आवारात. इमारती तीन बाजूंनी बांधून मध्ये चौक सोडला, तर चाळीला आपोआप रंगमंच आणि प्रेक्षागृह दोन्ही मिळत.

दिनक्रम : चाळीचा दिवस नळाने सुरू होई. विहार (१८६०), तुळशी (१८७९) व तानसा (१८९२) या जलाशयांनी शहराला पाणी दिले, तरी ते चाळीत ठरावीक वेळीच येई. पहाटे चार-साडेचारला नळाला बांधलेले फडके फुगू लागले, की घागरी, कळशा, बादल्या रांगेत सरकत. माणसाऐवजी भांडे रांगेत उभे करण्याला मान्यता होती. भांडे पुढे सरकवण्याला नव्हती. घरातले पिंप भरले की दिवसाची निम्मी लढाई संपे. त्यानंतर टमरेल घेऊन दुसरी रांग.

गिरणगावात याला भोंग्याची जोड होती. पहिली पाळी सकाळी सातला, दुसरी दुपारी साडेतीनला, रातपाळी मध्यरात्री. रातपाळीचा माणूस सकाळी येऊन झोपला, की पोरांना गॅलरीतून हाकलले जाई. तो कोणत्या खोलीत झोपला आहे हे साऱ्या माळ्याला ठाऊक असे. दार दिवसा उघडे, फार तर पडदा. भर दुपारी कोणी दार लोटून घेतले, तर तासाभरात शेजारीण डोकावून विचारी, “काय गं, बरं नाही का?” हा प्रश्न मायेचाही असे आणि चौकशीचाही. टेलिफोन एका बिऱ्हाडात आणि नंबर मात्र अख्ख्या माळ्याचा, हा ‘पी.पी.’ नंबरचा प्रकार गेल्या शतकाच्या अखेरपर्यंत चालला. लग्नपत्रिकेवरही तो छापत.

एकखणी खोलीत एकच कुटुंब राहते, हे गृहीत धरणे चुकीचे ठरेल. १९११ ते १९३१ या काळातल्या जनगणनांत मुंबईत हजार पुरुषांमागे सहाशेहून कमी स्त्रिया होत्या. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर, पुणे या जिल्ह्यांतून आलेला गडी बायको-पोरे गावी ठेवून गावच्या खोलीत राही. एका गावाच्या वा भावकीच्या पुरुषांनी मिळून घेतलेली ही खोली, हिला गाळाही म्हणत. भिंतीला खुंट्या, खुंटीला पिशवी, खाली ट्रंक, कोपऱ्यात वळकट्यांची चवड. पाळ्या वेगवेगळ्या असल्याने एकाच जागेवर दिवसा एक आणि रात्री दुसरा झोपे. खोलीचे नियम असत, हिशेबाची वही असे. चंदगड, आजरा, जुन्नर भागांतल्या गावांच्या अशा खोल्या गिरण्या बंद पडल्यावरही नोकरीला आलेल्या तरुणांच्या उपयोगी पडत राहिल्या.

या पुरुषांच्या जेवणाची सोय खाणावळवाल्या बायका करत. महिन्याच्या हिशेबावर, पुष्कळदा उधारीवर, दहा-वीस जणांची भाकरी-कालवण एका चुलीवर. कामगारविषयक सरकारी अहवालांनी गिरणीतला कामगार मोजला, ही बाई मोजली नाही. तिच्या कष्टांचे संघटित रूप प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये स्थापन केलेल्या अन्नपूर्णा महिला मंडळात प्रथम ठळकपणे दिसते.

उत्सव व सार्वजनिक जीवन : गिरगावातील केशवजी नाईक चाळीचा गणेशोत्सव १८९३ पासूनचा असून मुंबईतला पहिला सार्वजनिक गणेशोत्सव म्हणून तो मानला जातो. तेथे आजही लहान मूर्ती आणि पालखी हीच रीत आहे. लालबागच्या उंच मूर्तींशी तुलना करणाऱ्याला ती पाहून बहुधा आश्चर्य वाटते. गोकुळाष्टमीची हंडी, होळी, सत्यनारायणाची पूजा, भजनी मंडळ, व्यायामशाळा, वाचनालय आणि जिन्याजवळचा सूचनांचा फळा ही चाळीची नेहमीची सामग्री. गिरणगावात यांच्या जोडीला नमन, भारूड, तमाशा आणि कामगार रंगभूमी होती. अण्णा भाऊ साठे, अमर शेख व गवाणकर यांचे लाल बावटा कलापथक (१९४४) याच वस्तीत वाढले. १९२८ च्या सार्वत्रिक संपापासून पुढे संपाची खबर, वर्गणी आणि धान्याची वाटणी चाळीमार्फतच होई.

चाळ म्हणजे एक कुटुंब, हे वर्णन मुख्यतः गिरगावकर पांढरपेशांच्या आठवणींवर आधारलेले आहे, हे ध्यानात ठेवले पाहिजे. खोली मिळण्यात गाव, जात आणि मुकादमाची ओळख यांचा वाटा मोठा होता. अनेक चाळी वा त्यांतले माळे एकाच जातीचे असत. शेजारधर्म खरा होता, परंतु त्याची हद्द पुष्कळदा जातीपाशी संपे. ५ जानेवारी १९७४ रोजी वरळीच्या बी.डी.डी. चाळींत दलित पँथरच्या सभेनंतर उसळलेली दंगल या वर्णनात बसत नाही, आणि म्हणूनच ती बहुधा गाळली जाते.

भाडे व दुरवस्था : १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने प्रमाणभूत भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीशी जोडले. भाडेकरू सुरक्षित झाला आणि मालकाने दुरुस्तीतून अंग काढून घेतले. खोली हस्तांतरित करताना मालक व जुना भाडेकरू यांनी वाटून घ्यायची पागडी याच विषमतेतून फोफावली. १९६९ च्या कायद्याने दुरुस्ती मंडळ व दुरुस्ती-उपकर आला. उपकरप्राप्त इमारतींची अ (१ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या), ब (१९५० पर्यंतच्या) व क (१९६९ पर्यंतच्या) अशी प्रतवारी आजही चालते. टेकू लावलेली गॅलरी हे दक्षिण मुंबईतले नित्याचे दृश्य झाले. भाडेनियंत्रणाचा नवा कायदा १९९९ चा असून तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला. जुन्या भाडेकरूंच्या बाबतीत त्याने फारसे काही बदलले नाही.

१८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. संप रीतसर मागे घेतला गेला नाही, गिरण्या मात्र एकामागून एक बंद पडत गेल्या आणि भोंगाही थांबला. कोणी गावी परतले, कोणी खोली विकून विरार, डोंबिवली, बदलापूरकडे सरकले. उपनगरांतल्या बैठ्या चाळींची वाढ हा याच स्थलांतराचा एक भाग आहे. त्यांची रचना, मालकी आणि अनधिकृत बांधकामाचे प्रश्न निराळे असल्याने त्यांचा येथे विचार केलेला नाही.

पुनर्विकास : बी.डी.डी. चाळींचा पुनर्विकास म्हाडामार्फत चालू असून १६० चौरस फुटांच्या खोलीच्या बदल्यात ५०० चौरस फुटांची सदनिका मालकी हक्काने देण्यात येते. वरळीतील पहिल्या ५५६ सदनिकांच्या चाव्यांचे वाटप ऑगस्ट २०२५ मध्ये झाले. खासगी उपकरप्राप्त चाळींचे काम मालक, भाडेकरू आणि विकासक यांच्या संमतीवर अवलंबून असल्यामुळे ठिकठिकाणी रखडलेले आहे. नव्या इमारतींत गॅलरी नसते, उद्वाहक असतो. गणपती तळमजल्याच्या वाहनतळात बसतो.

पुण्यातील वाडा आणि अहमदाबादची चाली यांच्याशी मुंबईच्या चाळीचे नाते आहे. वाड्यात मूळ मालक बहुधा आवारातच राही व बिऱ्हाडकरू नंतर आले. चाळ आरंभापासून भाड्यासाठीच बांधली गेली. अहमदाबादची चाली पुष्कळशी बैठी, गिरणीच्या कुंपणालगतची.

पहा : गिरणगाव, पागडी, वाडा, सार्वजनिक गणेशोत्सव.