वस्तऱ्याने केस दाट होतात?

‘वस्तरा लावू नकोस, केस राठ येतील,’ हा सल्ला पिढ्यानपिढ्या दिला जातो. तो चुकीचा आहे. शरीररचनाशास्त्रज्ञ मिल्ड्रेड ट्रॉटर यांनी 1928 मध्येच दाढीचे केस तपासून दाखवलं होतं की भादरल्याने केसांची जाडी, रंग किंवा वाढीचा वेग बदलत नाही.

बदलणार तरी कसा? त्वचेबाहेर दिसणारा केस निर्जीव असतो. वाढ होते ती त्वचेखालच्या मुळाशी, आणि पातं तिथवर पोहोचतच नाही. वर काय कापलं गेलं, याची त्या मुळाला खबरही नसते.

मग हाताला खरखर का लागते? न कापलेल्या केसाचं टोक निमुळतं असतं. पातं त्याला त्वचेलगत, जाड भागात छेदतं. बोथट टोकाचा आखूड खुंट टोचतो आणि गडदही दिसतो. केस वाढून लांब झाला की हा भास ओसरतो.

बाळाचं डोकं भादरल्यावर दाट केस येतात, याचंही श्रेय वस्तऱ्याला फुकटच मिळतं. जन्माच्या वेळचे मऊ केस तसेही गळून पुढे जाड केस येतात. केशमुळांची संख्या तर जन्माआधीच ठरलेली असते.

केस खरोखर राठ होतात ते बहुतेकदा संप्रेरकांमुळे. म्हणून एखाद्या बाईच्या हनुवटीवर अचानक जाड केस येऊ लागले, तर वस्तऱ्याला दोष देत बसण्यापेक्षा डॉक्टरांना दाखवावं.